न चरणारी गाय

यंत्राला ‘गाय’ म्हणायला लागली ती हाबेनची माणसं. केतकी वाघचौरेच्या संस्थेने त्याला लांबलचक इंग्रजी आद्याक्षरांचं नाव दिलं होतं, पण ते उच्चारायची डोंगरातल्या कुणाला गरज वाटली नाही. गुहेच्या तोंडाशी ते गोठ्यात बांधल्यासारखं उभं असायचं. दिवसभर आतल्या आत गुरगुरायचं आणि सकाळी पुढ्यात घमेलं धरलं की पिवळसर पीठ द्यायचं. पाणी प्यायचं, चारा मागायचं नाही. मग गायच की ती!

पहिल्या दिवशी त्या पिठाची जाडजूड भाकरी हाबेनने तोडून तोंडात टाकली, बराच वेळ चावली आणि चक्क मराठीत म्हणाला, “ताई, पुण्याच्या मेसमधल्या सोमवारच्या भाजीपेक्षा बरी आहे.”

केतकीच्या हातातलं घमेलंच पडायचं बाकी राहिलं. आपल्या मुलुखापासून समुद्रापलीकडे, गेरानच्या या उघड्याबोडक्या पठारावर, खांद्याला बंदूक लटकवलेला माणूस मराठी बोलतो म्हणजे काय!

“तुम्ही पुण्यात होता?”

“सहा वर्षं. शेतकी शिकलो. रिक्षावाल्यांशी भांडण करून मराठी शिकलो.” तो हसला. “मला अरेतुरे करा. इथे मला सगळे कमांडर म्हणतात. कंटाळा येतो.”

केतकीला त्या दिवशी हायसं वाटलं. आपली भाषा बोलणारा माणूस आपलं वाईट करणार नाही, असं तिला उगाचच वाटून गेलं. तसं त्याने केलंही नाही. पण अडकायचं ती अडकलीच.

ती मूळची संगमनेरची. जिवाणूंना वाढवणं, खाऊ घालणं, आजारी पडले तर बरं करणं हेच तिचं काम. आधी ती एका यीस्टच्या कारखान्यात होती, नंतर हवेपासून अन्न करणाऱ्या यंत्रांच्या प्रकल्पात गेली. कल्पना म्हटली तर सोपी होती. पाण्यात वीज सोडली की त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन वाटे होतात. मातीत काही जिवाणू असे सापडतात की त्यांना ना साखर लागते ना ऊन. हायड्रोजन हेच त्यांचं जळण. त्या जळणाच्या जोरावर ते हवेतला कार्बन आणि नायट्रोजन ओढून घेतात आणि त्यातून स्वतःचं अंग वाढवतात. ते अंग सुकवलं की झालं पीठ. मूळ जिवाणूत नुसतीच प्रथिनं भरलेली होती. केतकीच्या सहकाऱ्यांनी त्याच्या जनुकांत फेरफार करून त्याला पिष्ट साठवायला शिकवलं आणि मग त्या पिठावर माणूस नुसता जगूच नव्हे, तर कामही करू लागला. वीज सूर्याच्या उन्हातून यायची, खडकावर सतरंजीसारख्या पसरलेल्या पातळ पत्र्यांतून. नांगर नको, पाऊस नको, जमीन नको.

फक्त एक होतं. दह्याला जसं विरजण लागतं आणि ते कधी बिघडतं, आंबतं, धाग्यासारखं होतं, तसंच याही जिवाणूंचं होतं. त्यांना विषाणूंची लागण व्हायची, परके जंतू शिरायचे. पडद्यावर आकडे दिसायचे, पण नाकाने वास घेऊन, फेसाचा रंग बघून वेळेवर नवं विरजण लावायला सरावलेलं माणूस लागायचं. या डोंगरात असं माणूस एकच होतं. हाबेनच्या पोरांनी एकदा नुसतं बघून-बघून करून पाहिलं, तर अख्खं विरजण नासलं.

गेरानमध्ये ती एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेतर्फे आली होती, सरहद्दीवरच्या निर्वासितांच्या छावणीत यंत्रं बसवायला. काही महिने ते काम तिने मनापासून केलं. मग संस्थेचा हार्लन नावाचा पुरवठा अधिकारी म्हणाला, वरच्या डोंगरात गावं उपाशी आहेत, तीन यंत्रं तिकडे न्यायची आहेत, पंधरा दिवसांचं काम आहे. ती निघाली. खेचरांवर यंत्रांचे भाग लादून वर पोचली तेव्हा तिथे गाव नव्हतं. गुहा होत्या, आणि गुहांतून बंदुकांना तेल देत बसलेली माणसं.

हार्लन संस्थेचा माणूस नव्हताच. तो एका बड्या देशाचा माणूस होता. कोणता, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. गेरानमध्ये आठ वर्षांपूर्वी क्रांती झाली होती. लोकसमितीने जमीनदार हाकलले, जमिनी वाटल्या, शाळा काढल्या. पुढे तीच समिती खळ्यावर बंदूकधारी उभे करून धान्य नेऊ लागली आणि जो ‘का’ म्हणाला त्याला तुरुंगात टाकू लागली. त्या बड्या देशाला जमिनींचंही काही नव्हतं आणि तुरुंगांचंही. समितीने देशाचं बंदर त्याच्या प्रतिस्पर्ध्याला वापरायला दिलं, हे त्याला सलत होतं. म्हणून हाबेनसारख्या बंडखोरांना त्याने आधी बंदुका दिल्या. आणि आता अन्न.

पंधरा दिवस उलटले, महिना उलटला. उतरायच्या वाटेवर सरकारी ड्रोन दिवसभर घिरट्या घालायचे. एके दिवशी समितीच्या रेडिओवर केतकीचं नाव आलं, मोडकंतोडकं पण ओळखू येईल असं. बंडखोरांना पोसणारी परदेशी हेर. खाली सापडली असती तर तिला कुणी ‘मला माहीत नव्हतं’ हे वाक्य पुरं करू दिलं नसतं. हार्लन फोनवर दर वेळी म्हणायचा, “बदली माणूस शोधतोय.” हाबेनची माणसं तिला मानाने वागवायची, पण ती गुहेपासून जरा लांब गेली की कुणीतरी सावलीसारखं मागे असायचंच. दूध देणाऱ्या गाईपेक्षा तिची धार काढणाऱ्या बाईची राखण जास्त होती.

नाशकात नवरा सुबोध आणि चौदा वर्षांची कनिका होती. आठवड्यातून एकदा उपग्रह फोनवर बोलायला मिळायचं, शेजारी माणूस बसलेला. “सिग्नल नसतो गं इथे,” एवढंच ती सांगू शकायची. कनिका विचारायची, “तू नक्की कुठे आहेस, आई?” ती म्हणायची, “डोंगरात.”

*

गाय सगळ्यांना पुरेल इतकं पीठ देऊ लागेपर्यंत, पहिले काही महिने, बंडखोरांची भाकरी पूर्वीसारखीच खालच्या अडोला गावातून यायची. गाढवांच्या पाठीवर टोपल्या घेऊन बायका चढ चढायच्या आणि सर्वांत पुढे असायची लेमलेम. साठीची, हाडापेराने मजबूत, गावात तिचा शब्द चाले. तिचा थोरला मुलगा क्रांतीत समितीच्या बाजूने लढताना मेला होता. डोंगरउतारावरच्या पायऱ्यांसारख्या जमिनीचे चार टप्पे समितीनेच तिला दिले होते.

“मग तू यांना भाकरी का देतेस?” केतकीने एकदा मोडक्या गेरानीत तिला विचारलं होतं.

“जमीन त्यांनी दिली,” लेमलेम म्हणाली, “आणि तिच्यात पिकलेलं त्यांनीच नेलं. हे निदान मागून खातात.”

मागून खातात, म्हणून ऐकतातही, हे केतकीने डोळ्यांनी पाहिलं. सुगीत लढाई नको, असं लेमलेमने सांगितलं की हाबेन मान डोलवायचा. एका बंडखोराने गावातल्या मुलीचा हात धरला, तेव्हा हाबेनने त्याला सगळ्या गावासमोर उभं करून माफी मागायला लावली आणि हाकलून दिलं. सरकारी दवाखान्याची गाडी नदीवरच्या पुलावरून यायची, तिला कुणी बोट लावायचं नाही असा करार होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. भाकरीच्या टोपलीत होता.

गाईचं पीठ सगळ्यांना पुरू लागल्यावर टोपल्या थांबल्या. गावाला आनंदच झाला. उरलेलं धान्य जमिनीखालच्या पेवांत गेलं. लेमलेमने वर येऊन यंत्राच्या पत्र्यावर हात फिरवला आणि केतकीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

हळूहळू हाबेनची माणसं गावात उतरेनाशी झाली. उतरली तरी पूर्वीसारखी दाराबाहेर जोडे काढून बसत नव्हती. उशिरा का होईना, हे केतकीच्याही लक्षात आलं.

त्याच सुमारास तिला किल्लीचं कळलं. एका सोमवारी तिन्ही यंत्रं सकाळी गुरगुरेनाशी झाली. पंप थांबले, पडद्यावर कुलपाचं चिन्ह आलं. केतकीची धांदल उडाली. हवा थांबली की काही तासांत जिवाणू गुदमरतात. हाबेन मात्र शांतपणे फोन घेऊन खडकावर जाऊन बसला. बऱ्याच वेळाने परत आला, तोवर यंत्रं पुन्हा सुरू झाली होती.

“दर सोमवारी वरून किल्ली येते,” त्याने आभाळाकडे बोट केलं. “सांकेतिक आकड्यांची. ती आली तर गाय आठवडाभर चालते. आज मुद्दाम उशिरा पाठवली. मी पुलाला नाही म्हणालो होतो ना, म्हणून.”

“कुठल्या पुलाला?”

“आपल्याच. हार्लन म्हणतो, तो उडवा. फौज त्यावरून येईल.”

“आणि दवाखान्याची गाडी?”

हाबेनने फोन खिशात टाकला. कुलूप तोडणं केतकीच्या हातचं नव्हतं. तिचा हात जिवाणूंवर चालायचा, संगणकावर नाही.

“पूर्वी मी लेमलेमकडे भाकरी मागायचो,” तो म्हणाला. “तेव्हा वाटायचं, किती लाजिरवाणं. आता आकाशाकडे मागतो. लेमलेम निदान ओरडायची तरी. हार्लन ओरडत नाही. तो ‘प्लीज’ म्हणतो.”

पुढच्याच आठवड्यात पूल उडाला.

बदल्यात सरकारी शिपायांनी अडोलातले धट्टेकट्टे पुरुष उचलून नेले. आणि महिनाभराने लेमलेमची लेक बाळंतपणात अडली. पलीकडच्या काठाला दवाखान्याची गाडी उभी होती, अलीकडे बाजेवर लेक. मधे नदी. बाळ वाचलं, आई गेली.

लेमलेम वर आली ती एकटीच, हात रिकामे. पहारेकऱ्याने तिला वाटेतच अडवलं. केतकी गुहेतून बघत होती. पूर्वी हाच पहारेकरी लेमलेमच्या हातची टोपली घ्यायला धावायचा.

“कमांडरला भेटायचंय,” लेमलेम म्हणाली.

“कमांडर कामात आहेत.”

लेमलेमने त्याच्याकडे नीट बघितलं. “पोट भरलेलं दिसतंय तुझं,” ती म्हणाली आणि वळून उतरायला लागली.

केतकी हाबेनला शोधत आत गेली. तो नकाशावर वाकला होता. कामात असल्याचं नाटक करायला नकाशा बरा पडतो.

“ती आली होती.”

“माहीत आहे.”

“तोंड दाखवायचंस तरी!”

“काय सांगू तिला, ताई? तुमची लेक मेली, पण माझी माणसं जेवली?” त्याचा आवाज चिरकला. “तुम्हीच पीठ काढता ना रोज सकाळी? मग तुम्ही जाऊन सांगा.”

केतकी बाहेर निघून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घमेलं धरलं तेव्हा तिचे हात नेहमीसारखेच चालले. आपल्या हातांचा तिला पहिल्यांदाच राग आला.

*

पाऊस संपला आणि सेबा धरण काठोकाठ भरलं. अडोलाच्या वर, खोऱ्याच्या माथ्याशी ते होतं. त्याची वीज थेट बंदरापर्यंत जायची. हार्लनचा नवा निरोप त्याबद्दल होता.

हाबेनने केतकीला तो सांगायला नको होता. पण सांगितला, बहुधा मराठीत सांगितलं तर आपल्याच माणसांना कळणार नाही म्हणून. दोघं गुहेच्या सावलीत बसले होते. वर ड्रोनची भुणभुण चालू होती. अशा वेळी छावणीतलं पानही हलत नसे.

“भरलेलं असतानाच फोडायला हवं म्हणतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की नुसती भिंत फुटेल, बाकी काही होणार नाही. आत्ता फोडलं तर खालचं वीजघर वाहून जाईल. बंदर अंधारात.”

“आणि अडोला?”

“गावांना आधी सूचना देऊ म्हणतो.”

“जमिनीच्या टप्प्यांना सूचना देता येते का? शेतकी शिकलास ना तू? माती वाहून गेली की परत यायला किती पिढ्या लागतात, हे पुण्यात शिकवलं नाही तुला?”

“शिकवलं,” हाबेन म्हणाला. “सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. नाही म्हणालो तर किल्ली नाही. माझी माणसं उपाशी राहिली तर मला बाजूला सारून दुसऱ्याला कमांडर करतील. तो हो म्हणेल. धरण कसंही फुटणार, ताई. फक्त माझ्या हातून की त्याच्या, एवढंच.”

तो उठून गेला. केतकी यंत्रांपाशी बसून राहिली. आतला फेस छान दाट, हलका पिवळा होता. इतकं निरोगी विरजण तिने कारखान्यातसुद्धा क्वचित पाहिलं होतं.

यंत्राची भांडी धुवायची असली की त्यात कडक वाफ सोडायची सोय होती. आधी भांडं रिकामं करायचं, मगच वाफेचा खटका दाबायचा, हा तिने स्वतः लिहिलेला पहिला नियम. तिने भांडं रिकामं केलं नाही. एकेक करून तिन्ही खटके दाबले. मग शीतपेटीत ठेवलेल्या विरजणाच्या सुक्या कुप्या काढल्या, झाकणं उघडली आणि त्यांवर उकळतं पाणी ओतलं. वरती ड्रोन फिरत होते म्हणून कुणी तिच्याकडे आलं नाही. जेमतेम अर्ध्या तासाचं काम. आपण रडत आहोत हे तिला पाणी ओतताना कळलं. इतकी वर्षं ज्यांना जगवायला शिकली, त्यांना मारायला काहीच लागलं नव्हतं.

हाबेन आला तेव्हा यंत्रांतून गढूळ, तपकिरी पाणी गळत होतं. सात-आठ जण भोवती जमले होते. एकाने बंदुकीची नळी तिच्याकडे रोखलीच होती.

“विषाणूची लागण,” केतकी म्हणाली. “सगळं गेलं. कुप्याही.”

हाबेनने बोट बुडवून वास घेतला. उकडलेल्या डाळीसारखा वास येत होता. तो शेतकीचा पदवीधर होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मराठीत, अगदी हळू विचारलं, “विषाणूने असा वास येतो?”

“नाही येत.”

त्याने बोट विजारीला पुसलं. मग वळला आणि आपल्या माणसांना गेरानीत सांगू लागला. लागण, साथ, विषाणू, असे दोन-तीन शब्द तिला कळले. बंदुकीची नळी खाली गेली.

“का वाचवलंस?” तिने नंतर विचारलं.

“मला धरण फोडायचं नव्हतं आणि नाही म्हणायची हिंमतही नव्हती,” हाबेन म्हणाला. “तुम्ही माझं काम केलंत. पण आता यांना काय खाऊ घालू, ते सांगा.”

*

हार्लन रागावला नाही. त्याने फोनवर केतकीलाच बोलावलं. नव्या कुप्या ग्लायडरने पाठवतो, म्हणाला. गाय पुन्हा सुरू करा, दोन जणांना शिकवून तयार करा, महिन्याभरात तुम्ही घरी. “माझा शब्द आहे. तुमच्या यजमानांना मी स्वतः कळवलंय.”

आणि खरंच कळवलं होतं. त्याच दिवशी सुबोधचा आवाज आला, कितीतरी महिन्यांनी मोकळा. “अगं, संस्थेतून फोन होता! महिन्यात येतेयस म्हणे. कनिकाने तुझ्या खोलीचा पसारा आवरायला काढलाय.”

“हो,” केतकी म्हणाली. तिला घरी जायचं होतं. इतकं, की त्या रात्री संगमनेरच्या बसस्टँडवरचा कंडक्टरच्या आरोळ्यांचा कल्लोळही तिच्या कानात गोड वाजत राहिला.

कुप्या आल्या. पण त्यांतलं विरजण वाढून पीठ निघायला तीन आठवडे लागणार होते आणि छावणीत शिजवायला काही उरलं नव्हतं. माणसं रानातले कंद उकडून खायला लागली. शेवटी हाबेनने बंदुका गुहेत ठेवायला सांगितल्या आणि आठ-दहा जणांना घेऊन अडोलाकडे निघाला. ड्रोन नसतील अशा ढगाळ सकाळी. केतकीलाही बरोबर घेतलं, कारण लेमलेमने निरोप धाडला होता, ती गाईवाली बाई आली तरच बोलेन. नव्या कुप्यांची पेटी केतकीने खांद्याला अडकवली होती. ती छावणीत कुणाच्या भरवशावर सोडायची तिची तयारी नव्हती.

गावाच्या मधोमध एक जुनं उंबराचं झाड होतं. त्याखाली लेमलेम बसली होती, मांडीवर लेकीचं बाळ. पुरुष फारसे नव्हतेच, बायका भोवती उभ्या होत्या. हाबेनने जोडे काढले. त्याच्या माणसांनीही काढले.

“बोल,” लेमलेम म्हणाली.

“भूक लागलीय, आई.”

“दिसतंय.”

बाळ कुरकुरलं, लेमलेमने त्याला थोपटलं.

“पेवात धान्य आहे,” ती म्हणाली. “उन्हाळ्यापर्यंत तुम्हाला पुरेल. आम्हीही त्यातच भागवू. पण धरणाला हात लावायचा नाही.”

“नाही लावणार.”

“हे तू आज बोलतोयस. उद्या गाय दूध द्यायला लागली की कोण बोलेल?” तिने केतकीकडे बोट केलं. “म्हणून ही इथे राहील. माझ्या घरात. धरणातलं पाणी उतरेपर्यंत.”

हाबेन भाषांतर करायला वळला, पण केतकीला समजलं होतं.

“ते दुसरी गाय पाठवतील,” हाबेन म्हणाला.

“गायी पाठवतील. धार काढणारी कुठून आणतील? तुमच्या पोरांनी आधी बघून-बघून करायचा प्रयत्न केला होता ना, सगळं नासवलं. दुसरं माणूस शोधून डोंगरावर आणेस्तोवर उन्हाळा येईल.”

म्हातारीने सगळा विचार केला होता. हाबेनची माणसं चुळबुळली. त्यांच्यातला एक जण काहीतरी कडक बोलला, तेव्हा हाबेनने हात वर केला. मग तो केतकीकडे वळला. त्याचे डोळे खोल गेले होते.

“ताई, मी तुम्हाला इथे बांधून ठेवणार नाही. तुम्ही म्हणालात तर आत्ता वर जाऊ. कुप्या आहेत. महिन्यात तुम्ही घरी. हार्लन शब्द पाळेल, असल्या बाबतीत ते पाळतात. भाकरी मी दुसऱ्या गावात बघेन. तुम्ही सांगाल तसं.”

या देशात आल्यापासून तिला कुणी काही विचारलं नव्हतं. हार्लनने विचारलं नव्हतं, रेडिओने विचारलं नव्हतं, मागे फिरणाऱ्या सावल्यांनी विचारलं नव्हतं. आज विचारलं, आणि तिला वाटलं, नसतं विचारलं तर बरं झालं असतं. बंदूक रोखून ‘इथेच बैस’ म्हणाले असते तर ती बसली असती आणि रात्री शांत झोपली असती.

तिने लेमलेमकडे पाहिलं. लेमलेम विनवत नव्हती, धमकावतही नव्हती. बाळाच्या तोंडावरची माशी उडवत होती. तिच्या मागे जमिनीचे टप्पे दिसत होते, एकाखाली एक, दगडी बांधांनी धरून ठेवलेले, कापणी झालेले. त्यांच्या वर, लांब, धरणाची करडी भिंत.

केतकीने खांद्यावरची पेटी काढून लेमलेमच्या पायांशी ठेवली.

“राहते,” ती म्हणाली. आधी मराठीत, मग गेरानीत.

बायकांतून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारी उठली आणि पेव उकरायला फावडं आणायला गेली.

*

हाबेनने निघण्यापूर्वी फोन तिच्या हातात दिला आणि या वेळी शेजारी न बसता दूर जाऊन उभा राहिला.

“महिना नाही, सुबोध,” तिने सांगितलं. “उन्हाळ्यापर्यंत तरी नाही.”

“म्हणजे? संस्थेने तर...” त्याचा आवाज बदलला. “खरं सांग. तुला पकडून ठेवलंय ना कुणी? हो किंवा नाही म्हण. मी दिल्लीला जातो, वर्तमानपत्रांत देतो, काहीही करतो. फक्त हो म्हण.”

हो म्हणणं किती सोपं होतं. तो धावपळ करत राहिला असता, कनिकाच्या वर्गातल्या मुली तिच्याभोवती जमल्या असत्या, आई सगळ्यांच्या लेखी बिचारी झाली असती. इतके महिने ते खरंही होतं.

“नाही,” केतकी म्हणाली. “मला कुणी धरून ठेवलेलं नाही.”

पलीकडे तो खुर्चीत बसल्याचा आवाज आला.

“म्हणजे तू स्वतःहून राहतेयस.”

“मी गेले तर हे गाव वाहून जाईल, सुबोध. खरोखरचं. पाण्याने.”

“आणि आम्ही?” त्याने विचारलं. तो ओरडला असता तर तिला सोसलं असतं. त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं. मग म्हणाला, “कनिकाला तूच सांग. मला नाही जमणार.”

फोन हातातून हातात गेल्याची खडखड झाली.

“आई, बाबा असे का बसलेत?”

केतकीने तिला सांगितलं, जेवढं चौदा वर्षांच्या मुलीला सांगता येतं तेवढं. गाय सांगितली, भाकऱ्या सांगितल्या, धरण सांगितलं. कनिका मधे बोलली नाही. हुशार मुलगी, लहानपणापासून गोष्ट पुरी ऐकून मग शंका काढायची.

“म्हणजे धरणातलं पाणी खाली गेलं की तू येणार.”

“हो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते फोडून कुणाला काही उपयोग नाही. मग मी मोकळी.”

उंबराखाली बायकांनी पेवाचं तोंड उघडलं होतं. बंद धान्याचा कोंदट, ऊबदार वास सगळ्या चौकात पसरला. हाबेनची माणसं ओळीने उभी होती, हातांत रिकामी पोती.

“आई,” कनिका म्हणाली, “पण पुढच्या पावसाळ्यात ते परत भरेल ना?”